पडद्यावरचे भाऊ

टर्लेबाई सिनेमा बघताना नटाच्या तोंडाकडे बघायच्या नाहीत. त्यांचं लक्ष हातांकडे असायचं. "तोंड काय, चार दिवस आरशापुढं उभं राहिलं की कुणालाही वाकडंतिकडं करता येतं," त्या म्हणायच्या. "हातांना खोटं बोलायला शिकवायला वर्षं लागतात." एकदा एका गाजलेल्या सिनेमात नायकाची आई मरते, तो धाय मोकलून रडतो, आमच्या पुढची सगळी रांग मुसमुसत होती. बाई माझ्या कानाशी वाकल्या. "आई गेलीय आणि हा शर्टाची बाही नीट करतोय बघ." त्यानंतर मला तो सिनेमा धड बघताच आला नाही.

नाशिकला मुलींच्या शाळेत त्या मराठी शिकवायच्या आणि मी गणित. मी नोकरीला लागले तेव्हा त्या चाळिशीच्या पुढे होत्या. उंच, सडपातळ, कायम सुती साडी, डाव्या मनगटावर पुरुषी घड्याळ. लग्न केलं नव्हतं. आवाज इतका हळू की मुलींना ऐकण्यासाठी गप्प बसावं लागे, आणि मुली बसायच्या. महिन्यातून एकदा आम्ही दोघी सिनेमाला जायचो. त्या निवृत्त झाल्या, पुढे मीही झाले, तरी तो शिरस्ता चालू राहिला.

गावात त्यांची दुसरी ओळख मोठी होती. त्या कवी मुरलीधर टर्ले यांच्या कन्या. टर्ले सायखेड्याच्या प्राथमिक शाळेत मास्तर होते. गोदाकाठच्या मळ्यांवर, तिथं राबणाऱ्या बायामाणसांवर त्यांनी जन्मभर कविता लिहिल्या. त्यातल्या दोन आमच्या पाठ्यपुस्तकात होत्या. सगळा तालुका त्यांना भाऊ म्हणायचा, बाईही भाऊच म्हणायच्या. भाऊंच्या पुण्यतिथीला शाळेत कार्यक्रम व्हायचा आणि तिथं बाई बोलायच्या. सलग तीस वर्षं त्यांनी तेच भाषण केलं. भाऊ मळ्यातल्या पाण्याच्या पाटाच्या कडेला बसून गुडघ्यावर वही ठेवून कसे लिहायचे, नवी कविता वाचताना त्यांचे डोळे कसे भरून यायचे. आणि मग, "भाऊंनी घरात कधी आवाज चढवला नाही, कुणाला बोट लावलं नाही." शेवटी त्या एक कविता म्हणायच्या, कागद न घेता. भाषणात कुठं थांबतील, कुठं चष्मा काढतील, हे मला पाठ झालं होतं.

बाईंना एक गोष्ट अजिबात सहन होत नसे. अबोला. एका स्नेहसंमेलनाच्या वेळी मैदानावरून चित्रकलेच्या बाई आणि पी.टी.चे सर यांचं बिनसलं. दोघं बोलेनासे झाले. निरोप शिपायाकरवी जायचे, तोही कंटाळला. आठवडा झाल्यावर बाईंनी मधल्या सुट्टीत शिक्षकखोलीचं दार आतून लावलं, दोघांच्या मध्ये खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "आता भांडा."

"आमचं काही भांडण नाही," सर म्हणाले.

"मग बोला."

बाईंनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. "घंटा होईपर्यंत मी उठणार नाही. शिव्या द्यायच्या असतील तर द्या, मी कान झाकून घेते. पण तोंड बंद ठेवायचं नाही." पाच मिनिटांनी चित्रकलेच्या बाईंनी सुरुवात केली, आणि मग दोघं असे तुटून पडले की बाहेर मुली जमल्या. घंटा झाली तेव्हा सरांना हसू आवरत नव्हतं. बाई मात्र हसल्या नाहीत. घड्याळ मनगटावर चढवून तासाला गेल्या.

दुसरा प्रसंग माझाच. माझं लग्न नवीन होतं. सासूबाईंशी काहीतरी झालं आणि मी डबा न घेता शाळेत आले. मधल्या सुट्टीत बाईंनी विचारलं, "डबा?"

"घरी राहिला. मुद्दामच ठेवला. कळू दे त्यांना," मी म्हणाले.

बाईंचा चेहरा पांढरा पडला. आपला डबा त्यांनी माझ्यापुढं सरकवला. "जेव."

"बाई, मला खरंच भूक नाही."

"सरोज, अन्नावर राग काढायचा नाही. काय बोलायचं ते सासूला जाऊन बोल. आधी जेव." त्यांनी चमचा माझ्या हातात कोंबला. मी घाबरून जेवले. एवढ्याशा गोष्टीवर या इतक्या का संतापल्या, हे मला तीस वर्षं कळलं नाही.

दोन वर्षांपूर्वी त्यांचा फोन आला. "अगं, भाऊंच्यावर सिनेमा काढतायत. परवा ती माणसं माझ्याकडे येणार आहेत. तू ये. मला एकटीला अवघडल्यासारखं होईल."

दिग्दर्शिका तिशीतली मुलगी होती, हुशार, वहीत भराभरा टिपून घेणारी. बरोबर भाऊंची भूमिका करणारा नट होता, सतीश लोणारे. त्याला बघून बाईंनी स्वयंपाकघरात येऊन मला विचारलं, "हा? हा तर मालिकेत रोज संध्याकाळी कुणाला तरी बेड्या घालतो." लोणारे यवतमाळकडचा, रुंद खांद्यांचा, काळासावळा. भाऊ किरकोळ अंगाचे होते. बाईंचा उत्साह तिथंच मावळला असावा. त्यांनी बाहेर जाऊन जवळजवळ आपलं भाषणच म्हटलं. पाटाची कड, गुडघ्यावरची वही, भरून येणारे डोळे.

लोणारे तासभर गप्प बसून होता. उठायच्या आधी त्याने एकच प्रश्न विचारला. "बाई, भाऊ घरात रागावले की काय करायचे?"

"भाऊ रागवायचे नाहीत."

"कधीच?"

"त्यांनी कधी आवाज चढवला नाही."

लोणारेने मान हलवली, उरलेला चहा संपवला आणि कप बशीत पालथा घातला. चहा पुरे झाला, असं सांगायची काही लोकांची ती सवय असते. बाईंनी बोलता बोलता हात पुढे केला आणि तो कप सुलटा करून ठेवला. मग त्या दिग्दर्शिकेला भाऊंचे जुने फोटो दाखवायला लागल्या.

सिनेमा लागायच्या आदल्या दिवशी मुंबईत खास खेळ झाला आणि त्याच संध्याकाळी गडबड सुरू झाली. बाईंचा भाचा म्हणजे भावाचा मुलगा, राजेंद्र, स्मारक समितीचा अध्यक्ष होता. बाईंचा भाऊ आणि वहिनी दोघंही गेलेले, त्यामुळे टर्ल्यांच्या घरात बाईंचं म्हणून म्हणावं असं माणूस हा एकच. पंचवटीत राहायचा, गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान होतं. आजोबांवर त्याचा फार जीव. सायखेड्याला भाऊंचं स्मारक व्हावं म्हणून त्याने पंधरा वर्षं कचेऱ्यांचे उंबरे झिजवले होते. दुसऱ्या दिवशी तो बाईंकडे आला तेव्हा मी तिथंच होते.

"आत्या, त्यांनी आजोबांना राक्षस करून टाकलंय. आजीचा छळ करताना दाखवलंय."

"तू बघितलास?"

"बघायची गरज काय? बघितलेल्यांनी सांगितलं. आपण पोलिसांत अर्ज देतोय. थिएटरवाल्याशी बोललोय, तो म्हणतो, कवींच्या मुलीची सही असेल तर मी लगेच खेळ थांबवतो. रविवारी सभा ठेवलीय, लोणारेला आणि त्या दिग्दर्शिकेलाही बोलावलंय. तिथं तुम्ही निवेदन वाचायचं आणि सही करायची. मी टाइप करून आणलंय."

बाईंनी कागद घेतला, चष्मा लावून पूर्ण वाचला. "दोन ठिकाणी ऱ्हस्वदीर्घ चुकलंय," त्या म्हणाल्या. "आधी मी बघते. मग सही."

"तुम्ही तो बघायला जाणार?" राजेंद्र उभाच राहिला. "आत्या, थिएटरबाहेर आपली पोरं उभी आहेत काळ्या फिती लावून. तुम्हीच आत गेलात तर त्यांनी काय करायचं?"

"त्यांनी उन्हात उभं राहू नये," बाई म्हणाल्या.

शनिवारी सकाळच्या खेळाला आम्ही गेलो. थिएटरच्या दाराशी पोलिसांची गाडी होती आणि दहा-बारा मुलं. त्यातल्या एकाने बाईंना ओळखलं. "आत्या, तुम्ही नका जाऊ आत." बाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, त्याला बाजूला सारलं आणि पुढे चालू लागल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "घरचीच माणसं अशी," आणि ते बाईंनाही ऐकू गेलं असणार.

आत जेमतेम चाळीस माणसं होती. बाई कडेच्या खुर्चीत बसल्या. पहिली दहा मिनिटं त्या नाराज होत्या, मला त्यांच्या श्वासावरूनच कळत होतं. वाडी कुठली तरी भलतीच होती, नदी भलतीच. मग लोणारे पाटाच्या कडेला बसला. त्याने पेन्सिल जिभेला लावली, गुडघ्यावरच्या वहीवर वाकला, आणि लिहायच्या आधी डाव्या तळहाताने कागदावरून असा हात फिरवला की जणू कुणी झोपलेलं मूल आहे. बाई पुढे झुकल्या. त्यानंतर त्या मागे टेकल्याच नाहीत.

मालिकेतला तो पोलीस कुठंच नव्हता. त्याचे रुंद खांदे कसे आत गेले होते कोण जाणे. शाळेतल्या पोरांना कविता शिकवताना त्याचा आवाज असा ओला व्हायचा की मागच्या बाकावर पेंगणारं पोर मान वर करून बघायचं. शेतात काम करणाऱ्या म्हाताऱ्या बाईपुढे तो हात जोडून उभा राहायचा. तो ढोंगी वाटला नाही. या माणसाने जे लिहिलं ते त्याला आतून वाटलेलं होतं, हे लोणारेकडे बघून पटत होतं.

मग तो प्रसंग आला. कवीकडे शहरातून पाहुणे आलेले असतात. बायको सहज हसत सांगते की यांना दोन दिवस झाले मीठ आणायला सांगून, यांचं लक्षच नाही. पाहुणे हसतात. कवीही हसतो. पाहुणे गेल्यावर तो जेवायला बसतो. बायको वाढते. तो ताटाकडे बघतो. मग सावकाश भाकरी उचलून टोपलीत परत ठेवतो, भाजी पातेल्यात परत घालतो, ताट पुसतो आणि पालथं घालतो. पालथ्या ताटावरून दोन बोटं फिरवतो, धूळ झटकावी तशी. उठून बाहेर जातो. एक शब्द नाही, कपाळाला आठी नाही. पुढचे अकरा दिवस तेच. बायको ताट मांडते, तो ते पालथं घालतो. बोलत नाही. मधल्या एका दुपारी तो शाळेत मुलांना आईवरची कविता शिकवतो आणि त्याचे डोळे भरून येतात.

त्याच वेळी मागचं दार आपटलं आणि बाहेरची सहा-सात मुलं आत घुसली. "बंद करा, बंद करा." दिवे लागले, पडदा पांढरा झाला. माणसं उठून दाराकडे निघाली, एक लहान मुलगी रडायला लागली. एका मुलाने पुढच्या खुर्चीवर लाथ मारली. मी बाईंचा दंड धरला, पण त्या उभ्या राहिल्याच.

"तू कुणाचा रे?" त्यांनी त्या मुलाला विचारलं. शाळेतला तोच हळू आवाज.

तो गडबडला. "सायखेड्याचा हाय, आत्या. जाधवांचा."

"मग बस खाली. मला माझ्या वडलांना बघायचंय."

तो बसला नाही, पण खुर्चीवरचा पाय त्याने खाली घेतला. बाकीची मुलं एकमेकांकडे बघत राहिली. मॅनेजर घाम पुसत आला आणि त्याने बाईंना विचारलं, "पुढं चालू करू का?" बाई म्हणाल्या, "करा." मुलं भिंतीला टेकून उभी राहिली आणि उरलेला सिनेमा त्यांनी तसाच उभ्याने बघितला.

संपल्यावर बाई उठेनात. झाडूवाले आले तेव्हा मी त्यांना बाहेरच्या बाकापर्यंत आणलं. त्यांनी बसून चष्मा पुसला. मग म्हणाल्या, "अकरा दिवस दाखवलेत त्याने. एकदा एकोणीस दिवस होतं."

मी त्यांच्या शेजारी बसले.

"मी नऊ वर्षांची होते. भाऊंकडे पुण्याची माणसं आली होती. भाऊ नवीन कविता म्हणून दाखवत होते, त्यात बाजरी उपटतात असं काहीतरी होतं. आई दारातून म्हणाली, 'अहो, बाजरी काय उपटत्यात का? विळ्यानं सोंगत्यात.' शेतकऱ्याची पोर ती, तिच्या तोंडून गेलं. सगळे हसले, भाऊही हसले. रात्री ताट पालथं. ते बाहेर कुठं तरी जेवत असणार, शाळेत, मित्राकडे. पण ते घरात जेवले नाहीत म्हणून आई जेवायची नाही. चोरून काहीतरी खायची, उभ्याने. बारा-तेरा दिवस झाल्यावर मला वाटलं आपण काहीतरी करावं. मी ताट सुलटं केलं, त्यात भाकरी वाढली आणि भाऊंना म्हटलं, जेवा. त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही हं. आणि ताट उचलून भाकरीवरच पालथं घातलं. भाकरी खाली, ताट वर."

त्यांनी एक तळहात दुसऱ्यावर पालथा घातला. "सकाळी आईने ताट उचललं आणि ती भाकरी खाल्ली. एकही शब्द न बोलता. पुढं पुस्तक निघालं त्यात ती ओळ आईने सांगितली तशीच छापून आली होती."

रिक्षात बसल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "आई गेली, दादा गेला. हे आता फक्त मला माहीत होतं. त्या माणसाला कुणी सांगितलं?"

रविवारी सभागृह भरलं होतं. समितीची माणसं, वाचक, पत्रकार, दारात दोन हवालदार. व्यासपीठावर एका बाजूला राजेंद्र आणि समितीचे लोक, दुसऱ्या बाजूला दिग्दर्शिका आणि लोणारे, मध्ये बाई. आधी समितीच्या दोघांची भाषणं झाली आणि त्यांनी सभा चांगलीच तापवली. दिग्दर्शिकेला बोलूच दिलं नाही. मागून कुणीतरी लोणारेला उद्देशून एक घाण शब्द वापरला. लोणारे खाली मान घालून बसला होता. मग राजेंद्रने बाईंच्या पुढे ते टाइप केलेलं निवेदन ठेवलं, शेजारी पेन ठेवलं. सभा शांत झाली.

बाई उभ्या राहिल्या. "माझे वडील कै. मुरलीधर टर्ले हे अत्यंत प्रेमळ," एवढं वाचून त्या थांबल्या. कागद खाली ठेवला आणि लोणारेकडे वळल्या.

"ते ताटाचं तुम्ही कुठून आणलंत?"

लोणारे उठला. "बाई, ते स्क्रिप्टमध्ये नव्हतं. तिथं नुसतं 'तो न जेवता उठतो' असं लिहिलं होतं."

"मग?"

"माझे वडील करायचे तसं. पोस्टात होते. फार चांगले म्हणून गावात नाव होतं त्यांचं." त्याने घसा साफ केला. "मी तुमच्याकडे आलो होतो तेव्हा चहा झाल्यावर कप पालथा घातला. मुद्दाम नाही, वडिलांचीच सवय लागलीय. तुम्ही बोलता बोलता तो सुलटा केलात. तुम्ही तिकडे बघितलंही नाही. माझी आई अजून तसंच करते, कुणाच्याही घरी. म्हणून मला वाटलं, इथंही असणार. चुकलं असेल तर मी सगळ्यांसमोर तुमची माफी मागतो."

मी पहिल्या रांगेत होते. बाईंनी टेबलाची कड धरलेली मला दिसत होती. राजेंद्र पुटपुटला, "आत्या, पुढचं वाचा."

"चुकलं नाही," बाई म्हणाल्या. ध्वनिक्षेपकातूनही आवाज हळूच आला, पण सभा इतकी गप्प होती की शेवटपर्यंत पोचला. "हे गृहस्थ भाऊंसारखे दिसत नाहीत. भाऊ यांच्या निम्मे होते. काल मी पडद्यावर भाऊंना बघितलं. त्यांचे हात बघितले. तीस वर्षं मी सांगत आले की भाऊंनी कधी आवाज चढवला नाही. ते खरं आहे. ते बोलायचेच नाहीत. ताट पालथं घालायचे आणि माझी आई उपाशी राहायची. हे मी कुणाला सांगितलं नाही, कारण मला भाऊ आवडायचे. अजून आवडतात. त्यांच्या सगळ्या कविता मला पाठ आहेत आणि त्यातली एकही मला खोटी वाटत नाही. पण या माणसाने काही खोटं केलेलं नाही, तेव्हा मी सही करणार नाही."

गलका झाला. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी खुर्ची ढकलली. समितीचे एक गृहस्थ ओरडले, "म्हातारपणी बुद्धी फिरली यांची." राजेंद्र उठून बाईंच्या अगदी जवळ आला. तो ओरडला नाही. "घरातलं चव्हाट्यावर आणलंत, आत्या," तो म्हणाला आणि मागच्या दाराने निघून गेला. लोणारे पुढे येऊन बाईंच्या पाया पडायला वाकला. त्यांनी त्याला मध्येच धरलं आणि विचारलं, "तुमची आई कशी आहे?" तो म्हणाला, "बरी आहे. सिनेमा बघितला तिने. मला काहीच बोलली नाही, नुसता हात धरून बसली."

अर्ज बारगळला. सिनेमा नाशकात तीन आठवडे चालला. पेपरात बाईंच्या विरोधात पत्रं आली, बाजूनेही आली. बाईंनी ती वाचली, त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका मला दाखवल्या आणि रद्दीत टाकली. समितीच्या कागदावरून त्यांचं नाव गेलं. पुण्यतिथीच्या कार्यक्रमाचं बोलावणं आलं नाही. त्याचंही त्यांनी फार मनावर घेतलं नाही. राजेंद्रचं मात्र घेतलं. तो फोन उचलेना. नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरून त्याने त्यांना काढून टाकलं.

बाई दर शनिवारी बसने पंचवटीत त्याच्या घरी जायला लागल्या. एकदा मी बरोबर गेले. भाजीबाजाराच्या गर्दीतून, गल्ल्यांमधून त्या भराभरा चालत होत्या. दार राजेंद्रच्या बायकोने, माधुरीने उघडलं.

"हे घरात नाहीत, आत्या."

दाराशी त्याच्या चपला होत्या. बाईंनी त्या बघितल्या, आणि त्यांना त्या दिसल्या हे माधुरीलाही कळलं. बाईंनी आतल्या खोलीच्या दिशेने तोंड केलं आणि जरा मोठ्याने म्हणाल्या, "राजू, मी पुढच्या शनिवारी येते. तुला माझ्यावर ओरडायचंय ना, ते मला ऐकायचंय." आतून काही आवाज आला नाही. टीव्ही चालू होता, तो कुणीतरी बंद केला.

बाई जिना उतरत होत्या तेव्हा माधुरीने मला मागे ओढलं. "तुम्हाला म्हणून सांगते, मॅडम. हे सिनेमा बघून आले. इथं नाही, संगमनेरला जाऊन, एकटेच. कुणी ओळखू नये म्हणून टोपी घालून गेले होते. आल्यापासून दुकानात जातात, घरी येतात, नुसते बसून असतात. आत्यांना नका सांगू."

मी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. बाई किती शनिवार गेल्या, तेही मी मोजलं नाही. डिसेंबरात माझ्या मुलीचं बाळंतपण होतं म्हणून मी पुण्याला गेले आणि मार्चपर्यंत तिथंच अडकले. बाई फेब्रुवारीत गेल्या, झोपेतच. फोन माधुरीचा आला. राजेंद्रला बोलता येत नव्हतं.

त्यामुळे मी त्यांना शेवटचं बघितलं ते पुण्याला निघायच्या आदल्या दिवशी. मी रिक्षातून स्टेशनकडे तिकिटाच्या कामाला चालले होते. रविवार कारंजा चौकाच्या सिग्नलला रिक्षा थांबली. चार-पाच गाड्या पुढे एक स्कूटर होती. चालवत होता राजेंद्र, मागे एका बाजूला पाय सोडून बाई बसल्या होत्या, मांडीवर भाजीची पिशवी, एका हाताने त्याचा खांदा धरलेला. हे दोघं कधी बोलायला लागले, आधी कुणी तोंड उघडलं, मला काहीच माहीत नव्हतं. पण ते भांडत होते. बाई पुढे वाकून त्याच्या कानाशी काहीतरी सांगत होत्या आणि तो मान वळवून, लालबुंद होऊन, दोन्ही हात हँडलवरून सोडून त्यांना उत्तर देत होता. मी हाक मारली, पण त्या गोंगाटात ती कुठली पोचते. सिग्नल हिरवा झाला. राजेंद्रचं लक्ष नव्हतं. मागच्या गाड्यांनी हॉर्नचा कल्लोळ केला, माझा रिक्षावालाही त्यात सामील झाला. बाईंनी मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. नुसता मोकळा हात मागे करून सगळ्यांना जरा थांबा म्हणून खूण केली आणि आपलं बोलणं चालू ठेवलं.